पटावरचं विसावं नाव

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. एका विद्यार्थिनीचा विषय बदलण्याचा अर्ज मी माझ्या ड्रॉवरमध्ये दाबून ठेवला, त्याची मुदत उलटू दिली आणि मग तिला सांगितलं, की ऑफिसने तो नामंजूर केला. ऑफिसने तो पाहिलाच नव्हता.

सांगायचं तर सगळं सांगायला हवं. अर्धं सांगून मोकळं व्हायची मला सवय आहे.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी डोंबिवलीला राहायचो आणि ठाण्यात, एका हायस्कूलला जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. सरकारची तेव्हा द्विलक्षी अभ्यासक्रमाची योजना होती, सगळे तिला बायफोकल म्हणायचे. अकरावी-बारावीच्या मुलाने दुसरी भाषा आणि एक शास्त्र विषय सोडायचा आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्ससारखा धंदेशिक्षणाचा विषय घ्यायचा. बारावी झाली की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. म्हणजे शाळेच्या बाकावर बसूनच कॉलेजचं एक वर्ष खात्यात जमा. यंत्रसामग्री सरकारची, शिक्षकाचा पगारही सरकारचा. अट एवढीच, की तपासणीच्या दिवशी तुकडीत निदान वीस मुलं दिसली पाहिजेत. एकोणीस निघाली तर तुकडी बंद, शिक्षक घरी.

वीस कधीच भरायची नाहीत. हुशार मुलं बायोलॉजी सोडायला तयार नसत, बाकीच्यांच्या आईबापांना वाटायचं, हे रेडिओ दुरुस्तीचं काम, त्याला कॉलेज कशाला? मग तपासणीच्या दिवशी आम्ही बारावी आर्ट्सची चारपाच मुलं आणून बाकांवर बसवायचो. त्यांना सोल्डरिंग आयर्न हातात धरायला शिकवलेलं असायचं. आमचा शिपाई दारातूनच विचारायचा, "सर, आज भाड्याची डोकी किती आणू?" सगळीकडे असंच चालायचं. तपासायला येणाऱ्यांनाही ते ठाऊक असावं. चहा-बटाटेवडे व्हायचे, डोकी मोजली जायची, सही व्हायची.

माझ्या तिसऱ्या वर्षी नवीन पत्रक आलं. डोकी मोजून भागणार नव्हतं, प्रत्येक मुलाचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहणार होते. भाड्याची डोकी संपली. जूनमध्ये माझ्या पटावर सोळा नावं होती. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि पत्रक माझ्यापुढे सरकवलं.

"वाचलंत?"

"हो सर."

"मग उभे काय राहिलात? प्रवेशाच्या टेबलावर जाऊन बसा. तुमची खुर्ची तुम्हीच वाचवायची."

मी टेबलावर बसलो. तीन मुलं मिळाली. विसावी ती.

ती कोलशेतहून वडिलांबरोबर आलेली. वडील खाडीत मासेमारी करायचे. खाडीकाठी कारखाने आल्यापासून जाळ्यात फारसं काही येत नव्हतं, म्हणून अधूनमधून एका कारखान्यात माल चढवायलाही जायचे. पोरगी दहावीला पहिल्या वर्गात पास झालेली. तिच्या फॉर्मवर बायोलॉजी लिहिलेलं होतं. मी विचारलं, "पुढे काय करायचं ठरवलंयस?"

"नर्सिंग, सर." जराही न थांबता म्हणाली. त्यांच्या पाड्यावर लस टोचायला एक नर्सबाई यायच्या, त्यांच्याकडून तिने सगळी माहिती काढलेली. बारावीला बायोलॉजी लागतं, प्रवेश मिळाला की राहायला हॉस्टेल मिळतं आणि वर सरकार दरमहा विद्यावेतन देतं. म्हणजे घरच्यांना एक पैचा खर्च नाही. सोळा वर्षांच्या मुलीने हे एवढं नीट बघून ठेवलेलं.

आणि मी तिला बायफोकल समजावू लागलो. डिप्लोमाचं एक वर्ष वाचतं म्हणालो. ठाण्यात इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने वाढतायत म्हणालो. यात काही खोटं नव्हतं. मग वडिलांकडे वळलो. ते म्हणाले, "मास्तर, आमाला काय कलतं यातला? तुमी सांगाल तसा."

"बाबा, मला बायो पाहिजे," ती हळूच म्हणाली.

"अगं, आत्ता हे घे," मी म्हटलं. "महिना-दोन महिने बस. नाही आवडलं तर ऑगस्टअखेर विषय बदलून मिळतो. अर्ज द्यायचा, बस. मी आहे ना."

हे 'मी आहे ना' मी म्हणालो, ते मला स्पष्ट आठवतं. तिने फॉर्मवरचं बायोलॉजी खोडलं.

ती वर्गात कामाला चांगली होती. तिचा सोल्डरिंगचा सांधा सगळ्यांत स्वच्छ असायचा, मी तिचं काम मुलांना दाखवायचो. मुलं चिडवायची, "कोळणीचा हात हाय, जाळं विणून विणून बसलाय." ती उलट म्हणायची, "तुमच्या हाताला तेवढंही येत नाही, मग काय विणताय?" मला वाटलं, रमली. पण ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ती स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली. हातात फुलस्केप कागद होता, घडी न पडलेला. वर उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली सुवाच्य अक्षरात मजकूर, तळाशी वडिलांची वाकडी सही.

"सर, विषय बदलायचा अर्ज. वर्गशिक्षकांची शिफारस लागते म्हणाले ऑफिसात."

"ठेव इथे. मी सही करून देतो."

"मुदत एकतीसपर्यंत आहे ना?"

"हो गं. ठाऊक आहे मला."

तपासणी सव्वीसला होती. माझा हिशोब सरळ होता. सव्वीसला ती वर्गात बसेल, वीस नावं भरतील, सत्तावीसला मी सही करून अर्ज ऑफिसात देईन. कुणाचंच काही बिघडणार नाही. मी कागद ड्रॉवरमध्ये, प्रॅक्टिकलच्या वह्यांखाली सरकवला.

पंचवीसला संध्याकाळी निरोप आला, की साहेब रजेवर आहेत, तपासणी गणपतीनंतर होईल.

त्या दिवसापासून एकतीसपर्यंत मी काय केलं, याचं उत्तर दोन शब्दांत आहे: काहीच नाही. रोज कॉलेजात जायचो, ड्रॉवर उघडायचो, वह्या काढायचो, ड्रॉवर बंद करायचो. अर्ज दिला असता तर एकोणीस उरले असते. मुख्याध्यापकांनी मला कधी असं कर म्हणून सांगितलं नाही, हे मुद्दाम लिहितो. त्यांना त्या अर्जाचा पत्ताही नव्हता. माझं लग्न ठरलेलं, सासऱ्यांना नोकरी अनुदानित म्हणून सांगितलेली. ही कारणं खरी आहेत. पण ती तेव्हा मी तिच्यापुढे मांडली असती, तर त्यांना काही किंमत असती.

सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी तिने विचारलं, "सर, झालं का?"

मी म्हणालो, "अगं, ऑफिसने नामंजूर केला. बायोलॉजीच्या तुकडीत जागा नाही म्हणाले. मी खूप भांडलो."

खूप भांडलो. हे मी तिला का सांगितलं, मला आजही कळत नाही. नुसतं नामंजूर म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ती रडली नाही. "पुढच्या वर्षी बदलता येतं का?" म्हणाली. येत नव्हतं. उशिराचा अर्ज बोर्डाच्या विभागीय कार्यालयात नेता आला असता, दंड भरून एखादवेळी काम झालंही असतं. पण मग मूळ अर्ज दाखवावा लागला असता, त्यावर ऑगस्टची तारीख होती, आणि तो इतके दिवस कुठे होता हे कुणीतरी विचारलंच असतं. मी म्हणालो, "नाही." त्या दिवशी सगळे गेल्यावर मी अर्ज फाडला.

गणपतीनंतर तपासणी झाली. वीस नावं, वीस गुणपत्रिका. साहेबांनी तिचं सोल्डरिंग पाहून शाबासकी दिली. दिवाळीच्या आधी माझ्या नेमणुकीला सरकारची मान्यता आली.

आठवडाभराने तिचे वडील कॉलेजात आले. त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेला पुडा टेबलावर ठेवला. "घरचे सोडे हायत, मास्तर. पोर बोलली, सर माज्यासाठी हापिसात लय भांडले." मी नको-नको म्हणालो. ते म्हणाले, "अवो, आमच्यासाठी कोन भांडतो?" मी पुडा घेतला. डोंबिवलीला आणला. आईने त्या सुक्या कोळंबीची खिचडी केली, मी जेवलो.

तिला बारावीला चांगले गुण पडले. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या यादीत तिचं नाव आलं. तेव्हा कळलं, खरं तर मला आधीपासून कळत होतं, की मुलींना शिक्षण फुकट होतं ते बारावीपर्यंत. पुढची फी, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, रोजचं जाणं-येणं, हे सगळं घरून. शाळेने तिच्या खात्यात एक वर्ष जमा केलं होतं, पण ते वर्ष वटवायला लागणारे पैसे तिच्या घरात नव्हते. नर्सिंगला उलट सरकार तिला पैसे देणार होतं. वडिलांनी पैशांसाठी दोन ठिकाणी शब्द टाकून पाहिला. प्रवेशाची तारीख गेली. ती एका कारखान्यात रेडिओच्या सर्किटला सांधे मारायच्या कामावर लागली. तिच्या हाताचं कौतुक मीच केलेलं.

नंतर सातआठ वर्षांनी कल्याणच्या एका हॉस्पिटलात आईला दाखल केलं होतं. दुपारी मी बाकड्यावर पेपर वाचत बसलेलो. शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई उठली आणि आईच्या सलाइनकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, संपत आलीय, नर्सला सांगा." मी बघेपर्यंत तिने स्वतःच नळीचं चाक फिरवून थेंब कमी केले होते. मग मी तिचा चेहरा पाहिला.

लग्न होऊन ती आंबिवलीला आलेली. सासूला घेऊन तिथे आठवडाभर होती. कारखाना बंद पडून दोन वर्षं झालेली. वॉर्डातली अर्धी माणसं तिलाच हाका मारत होती, हिला पाणी दे, त्याची गोळी कुठली, बघ. वॉर्डाची नर्स हसून म्हणाली, "हिला आम्ही पगार देत नाही, एवढंच."

तिची पाच-सहा वर्षांची मुलगी खाटेवर बसून पेरू खात होती. तिला ती म्हणाली, "हे माझे सर. आईसाठी ऑफिसात भांडलेले." मग माझ्याकडे वळली. "बाबा जाईपर्यंत तुमचं नाव काढायचे, सर."

मी तिथे बोलू शकलो असतो. आई झोपलेली होती, घाईचं काही काम नव्हतं, ती समोर उभी होती. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कितवीला गं तू?"

पुढे ती तुकडी बंद झाली, मला दुसऱ्या विषयात सामावून घेतलं, माझी नोकरी अजून चालू आहे. आंबिवलीत ती कुठे राहते हे मला माहीत आहे, हॉस्पिटलातून निघताना तिने पत्ता लिहून दिलेला आणि एकदा घरी या म्हणालेली. मी गेलेलो नाही. तिचे वडील गेले, त्यांना आता सांगता येणार नाही. तिला येतं. अर्ज ऑफिसने नाकारला नव्हता, मी तो दिलाच नाही, आणि मी कुणाशीही भांडलो नव्हतो, हे तिच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून सांगणं मी अजून तिचं देणं लागतो.