लाल चौकट

मुनीर सर कुठलंही गणित सोडवायला घेण्याआधी लाल खडू शोधत. कर्जतजवळ दहिवलीत त्यांच्या भावाचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यामागच्या खोलीत, पीव्हीसी पाइपांच्या ढिगाशेजारी, बारावीची शिकवणी चाले. फळ्यावर समीकरण लिहिलं की सर विचारत, "यात जागचं हलत नाय ते कोन?" मग त्या अक्षराभोवती लाल चौकट. चौकट न घालता पुढची ओळ लिहिली, तर उत्तर बरोबर येऊनही अख्खं पान पुन्हा लिहावं लागे.

मी पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. वर्तुळाचं समीकरण होतं: एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर आरचा वर्ग. आर म्हणजे त्रिज्या, ती ठरलेली, म्हणून तिला चौकट घातली. विकलन, म्हणजे एक्स हलला की बाकीचं किती हलतं ते, काढायचं होतं, तेव्हा वायलाही चौकट घालून मी मोकळा झालो. सरांनी वही ओढून घेतली.

"वाय गप उभा दिसतो म्हनून तो थांबलाय असं नाय रं. एक्स हलला की तोपन हलतो. तुला सांगून हलेल काय?"

वायची चौकट खोडून त्यांनी शेजारी डीवाय बाय डीएक्स लिहिलं. पुढे मी खालापूरकडच्या एका कॉलेजात गणित शिकवायला लागलो, तेव्हा ही चौकट सरांकडून आयती उचलली.

यंदा जूनमध्ये सरांच्या मुलीचा, शबनमचा, फोन आला. "दादा, अब्बा विसरायला लागलेत. पन क्लास सोडत नाय. आमचं ऐकत नाय. तुमी एकदा येऊन बसा. तुमी सांगाल तसं करू."

म्हणजे निकाल माझ्या गळ्यात. जायचं जिवावर आलं होतं, तरी गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. सरांनी तेच वर्तुळ लिहिलं. लाल खडू शोधलाच नाही. सरळ आरचंही विकलन केलं: दोन आर, डीआर बाय डीएक्स. मुलं मुकाट्याने उतरवून घेत होती.

मी उठलो. "सर, आरला चौकट राहिली."

सरांनी फळ्यावरच्या आरवर बोट ठेवलं. बाहेर दुकानात कोणीतरी नळाच्या तोट्या मागत होतं.

"राहिली खरी," ते म्हणाले. खडू माझ्या हातात दिला आणि माझ्या बाकावर जाऊन बसले. "म्होरचं तू घे."

मी तास पूर्ण केला. आवाजसुद्धा कापला नाही, याची मला अजून लाज वाटते. त्यानंतर सर त्या खोलीत आले नाहीत.

गेल्या महिन्यात ते गेले. कब्रस्तानात सगळ्यांबरोबर तीन मुठी माती टाकली आणि दुपारी कॉलेजात येऊन तास घेतला. काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढंच कळत होतं.

त्याआधीच्या रविवारी त्यांना भेटलो होतो. त्यांनी मला ओळखलं नाही. मी वर्तमानपत्राच्या कडेला वर्तुळाचं समीकरण लिहिलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आरला चौकट घातली. मला केवढं बरं वाटलं. मग सावकाश वायला घातली. मग एक्सलाही.

"आता कोन हलत नाय," ते म्हणाले आणि कागद माझ्यापुढे सरकवला, तपासायला.

मी त्यावर बरोबरची खूण केली.