पेडणेकर बाईंचा बिनढालीचा डेक

पेडणेकर बाई डाव सुरू करण्याआधी समोरच्याला शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडायला लावत. मग टेबलावरची पाण्याची बाटली खाली जाई, मोबाइल पालथा पडे आणि मनगटावर घड्याळ असेल तर तेही खिशात जाई. माझ्यावर पहिल्यांदा ही वेळ आली तेव्हा मला वाटलं, बाई गंमत करताहेत. मी हसलो. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हसणारी मुलं मी आधी तपासते." मी मुकाट्याने बाह्या दुमडल्या. तेव्हा रबाळ्याच्या एका कारखान्यात माझ्या हाताखाली चांगली मिशीवाली माणसं होती.

हे सगळं चालायचं जुईनगर स्टेशनसमोरच्या एका स्टेशनरीच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर. दुकान जयेशचं. दर रविवारी आम्ही सात-आठ नोकरदार तिथे पत्ते खेळायला जमायचो. पत्ते म्हणजे रमी किंवा तीनपत्ती नव्हे. सैनिक, राक्षस, जादू असल्या चित्रांचे पत्ते विकत घ्यायचे, त्यांतून निवडून आपला गठ्ठा, म्हणजे डेक, बांधायचा आणि दुसऱ्याच्या डेकशी लढवायचा, असा तो खेळ. बाई आमच्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि उभ्या हयातीत परीक्षेच्या वर्गांवर पहारा केलेल्या.

त्या या खेळात आल्या त्याही संशयापोटीच. मुलगा निखिल नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि कॉलेजात असताना जमवलेले पत्ते खोक्यात भरून घरी ठेवून गेला. बाई ते खोकं विकायला घेऊन आल्या. जयेश म्हणाला, मॅडम, जुना माल आहे, फार काही येणार नाही, वाटलं तर ठेवून जा. तिथेच तो फसला. ठेवून जा म्हणतोय म्हणजे खोक्यात नक्की काहीतरी घबाड आहे, असं म्हणून बाईंनी खोकं परत नेलं. घबाड कोणतं ते कळायचं तर खेळ कळायला हवा, म्हणून पुढच्या रविवारपासून त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसायला लागल्या. खेळ कळला आणि खोकं विकायचं राहूनच गेलं.

आमच्या प्रत्येकाच्या डेकमध्ये तीन तऱ्हेचे पत्ते असायचे. सैनिक, सैनिकांना मैदानात उतरवायला लागणारे शक्तीचे पत्ते, आणि मार अडवायला ढालीचे. ढालीमागे दडून वेळ काढायचा आणि मग एखादा मोठा राक्षस काढून समोरच्याला चिरडायचं, ही आमची सर्वांची रीत. बाईंच्या डेकमध्ये ढाल औषधालाही नव्हती. नुसते छोटे, स्वस्त, चिडके सैनिक. पहिल्या खेळीपासून ते अंगावर धावून यायचे आणि आपला राक्षस जागा होईपर्यंत आपण संपलेलो असायचो. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "समोरच्याला विचार करायला वेळ दिला की तो शेजारच्याच्या पेपरात बघतो."

हा डेक बांधणं म्हणजे चौकशी समिती असे. प्रत्येक सैनिकाला त्या हातात धरून विचारत, तू इथं कशाला? पहिल्या दोन खेळींत हा कामाला येत नसेल तर "मेला, फुकट जेवायला बसलाय" म्हणून त्याला बाहेर काढत. एपीएमसीच्या घाऊक बाजारात आंब्याची पेटी घेतानाही त्या वरचा थर बघत नसत, व्यापाऱ्याला पेटी उलटी करायला लावत. डेकचंही तेच. सैनिक आले, गेले, बदलले. मी एकदा एक सैनिक सुचवला. याच्याशी आपल्याला खेळायचं आहे, मग हा आपल्या भल्याचं का सांगेल, असा विचार करून त्यांनी तो घेतला नाही. पुढच्या वेळी मी मुद्दाम वाईट पत्ता सुचवला. तोही घेतला नाही. मला राग यायचा, पण रविवारी बाई आल्या नाहीत तर करमायचंही नाही.

निखिलबद्दल त्या फार बोलत नसत. एकदा जिना उतरताना आपण होऊन म्हणाल्या, मागे त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्याचं कपाट तपासलं, आणि हा उशिरा कुठून येतो ते त्याच्या रूममेटला विचारलं. निखिलला ते कळलं. तेव्हापासून फोनवर जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच. पुन्हा येऊ का म्हणून विचारलं तर म्हणाला, आई, काही कारण असेल तर ये. हे सांगताना बाईंचा आवाज हजेरी घेतल्यासारखा सपाट होता, पण एका पायरीवर त्या उगाचच थांबल्या.

त्याच सुमारास वाशीला मोठी स्पर्धा ठरली. अंतिम फेरीत पोचणाऱ्या दोघांना पुढच्या स्पर्धेसाठी बंगळुरूला नेणार होते. "कारण पाहिजे म्हणतो ना," बाई म्हणाल्या, "मग कारण घेऊनच जाते." त्यानंतर त्यांचे सैनिक आणखी चिडके झाले.

स्पर्धेत बाई उपांत्य फेरीपर्यंत सरळ कापत गेल्या. आणखी एक डाव जिंकला की बंगळुरू. समोर खारघरचा एक दाढीवाला तरुण होता. त्याने निमूट बाह्या दुमडल्या. पत्ते मागून सगळे सारखे दिसावेत म्हणून प्रत्येक पत्ता प्लास्टिकच्या पाकिटात घालतात. बाईंनी त्याच्या पाकिटांवरून बोट फिरवलं आणि पंचाला हाक मारली. याच्या पाकिटांचे कोपरे दुमडलेत, ही खूण आहे, असं त्यांचं म्हणणं. पंच पोरसवदा होता, नम्र होता. म्हणाला, बघतो, पण नियमाप्रमाणे दोघांचीही बघावी लागतील.

दाढीवाल्याचे सगळेच कोपरे सारखे दुमडलेले निघाले. मग पंचाने बाईंचा डेक टेबलावर पालथा पसरला. मी मागे उभा होतो, मलाही दिसलं. काही पाकिटं काळीकुळकुळीत, चकचकीत आणि काही विटलेली. पंचाने विटलेली वेगळी काढून उलटली. सगळे शक्तीचे पत्ते. म्हणजे पुढचा पत्ता सैनिक की शक्ती, हे उचलण्याआधीच कळण्याची सोय.

मला लगेच उलगडा झाला. बाईंनी सैनिक इतके बदलले, आणि येणाऱ्या प्रत्येक सैनिकाला नवं पाकीट मिळालं. शक्तीचे पत्ते मात्र खोक्यातून निघाले तेव्हापासून तसेच होते. मी पुढे होऊन पंचाला म्हणालो की हा डेक दर रविवारी माझ्यासमोर बांधलाय, यात लबाडी नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "शिंदे, तुला काय माहीत मी मुद्दाम नाही केलं?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याही मनात पाल चुकचुकली. पत्ता उचलण्याआधी डेककडे रोखून बघायची त्यांची सवय मला आठवली. पंच चाचरत म्हणाला, मॅडम, तुम्ही चुकूनच केलं असेल, पण... बाईंनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाल्या, "पोराच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली की ती तिथे कशी आली, हे मी कधी ऐकून घेतलं नाही. डाव त्याला द्या." दाढीवाल्याशी हात मिळवून त्या बाहेर पडल्या.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांच्यासमोर ग्लास ठेवला. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं, की बाई, तुमच्या नजरेतून टाचणी सुटत नाही, मग ती जुनी पाकिटं कशी सुटली?

"सुटली नाहीत," बाई म्हणाल्या. "ती निखिलने घातलेली होती."

माझा संशय तिथेच मेला आणि माझी मलाच लाज वाटली. बाईंनी फोन लावला. तुझ्या पाकिटांपायी आज मी कॉपीत पकडली गेले, असं त्यांनी मुलाला सांगितलं. त्याला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तो इतका हसला की मलाही ऐकू आलं. बाईंनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे संशयाने बघितलं. मग तो काहीतरी विचारत गेला असावा, कारण बाई एकेका सैनिकाचं नाव घेऊन सांगू लागल्या, त्याला का घेतला, याला का हाकलला. चहावर साय धरली तरी त्यांचं संपेना.

थोड्याच दिवसांत निखिलने तिकीट काढून पाठवलं. कारणबिरण काही नाही. बाईंनी मला चारदा विचारलं, आजारी तर नसेल? परस्पर लग्न तर केलं नसेल? गेल्या त्या पुढे तिथल्याच झाल्या. आता कधीतरी फोन येतो, तोही बहुतेक जयेशची चौकशी करायला.

बसवर सोडायला मीच गेलो होतो, वाशीच्या हायवेवर. डेक त्यांच्या मांडीवर होता. निखिलने आणायला सांगितलाय, खेळू म्हणतोय, असं त्या म्हणाल्या. बस लागली तशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. "शिंदे, मला एक संशय येतोय. तो मुद्दाम हरेल."

"मग काय करणार, बाई?"

"काय करायचं," बाई म्हणाल्या, "बघून न बघितल्यासारखं करायचं."