तापवाल्याची पुस्तकं

तापवाले भाऊ कोणाच्याही घरी गेले तरी 'कसे आहात' असं कधी विचारत नसत. 'ताप हाये का कोणाले?' हाच त्यांचा नमस्कार. लग्नाच्या मांडवात बसले तरी हेच, बाजारात भेटले तरी हेच. एकदा एका मयताच्या दारात सवयीनं तोंडातून तेच निघालं, आणि मग बिचाऱ्यांनी स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. मी एकदा विचारलं, की चारचौघांसारखं 'बरे आहात ना' असं का नाही म्हणत तुम्ही? तर म्हणाले, "कसे आहात इचारलं तं सारेच खोटं बोलतात, बाई. तापाचं कोणी खोटं नाही सांगत."

सरकारनं त्यांना हिवतापाच्या कामावर ठेवलं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. रिठद गावी बायकोसोबत खोली करून राहायचे आणि आजूबाजूची गावं पायी तुडवायचे. दर पंधरा दिवसांनी एकेका घराची पाळी यायची. कोणाला ताप असला की बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, कडू गोळ्या द्यायच्या, आणि ताप असो नसो, दारामागच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायची. त्यांच्या आधी जो माणूस यायचा तो मोठा हुशार होता. एका फेरीत दोन फेऱ्यांच्या तारखा टाकून जायचा. भाऊंनी असं कधी केलं नाही. "भिंतीवर तारीख हाये म्हंजे मी आलतो," एवढंच त्यांचं म्हणणं.

भाऊ आमच्यातलेच, बौद्ध. गावातल्या काही घरी त्यांना ओट्याखाली उभं राहून काम उरकावं लागे. हे सांगताना आवाज चढत नसे त्यांचा. "रक्त काढाले बोट देतात. पाणी मांगलं का मंग लोटा सापडत नाही," असं म्हणायचे आणि पट्ट्या पुसत बसायचे. म्हणून तहान राखून ते आमच्या वस्तीत यायचे आणि आमच्या घरी दोन लोटे पाणी एका दमात संपवायचे. माझी सासू म्हणायची, "तुयं पोट हाये का रांजण?"

मी मूळची कारंज्याची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. मी सातवीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन या गावात आले. पहिलं बाळ आठव्या दिवशी गेलं, आणि त्यानंतर मी खाटेवरून उठेनाशी झाले. आज याला डॉक्टरांकडे नाव आहे, गोळ्या आहेत. तेव्हा 'हिचं मन उठलं' एवढंच म्हणत. शेजारणींनी अंगारा सुचवला, तर सासूनं त्यांना वाटेला लावलं. "ते आपण सोडलं," म्हणाली. पण मग काय करायचं हे तिलाही कळत नव्हतं. ती मला भरवायची, माझी वेणी घालायची, आणि शेतात जायची. माझा नवरा दारातूनच माझ्याकडे बघून जायचा.

त्या दिवशी भाऊंनी दारात नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा सासू म्हणाली, "ताप नाही बापू. पण सून उठून नाही राह्यली. तीन मयने झाले."

भाऊ आत आले, खाटेपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले. सुई काढली नाही, नाडी बघितली नाही. म्हणाले, "मले बी होते हे. दिवाळी झाली का चढते, होळीपरेंत उतरते. काचेवर दिसत नाही."

तीन महिन्यांत मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ सांगितलं होतं. ऊठ, काम कर, दुसरं होईल, इतकं मनाला लावून घेऊ नये. 'मले बी होते' असं कोणी म्हणालं नव्हतं. मी भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. मग त्यांनी त्यांचं औषध सांगितलं, अगदी गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगावं तसं. "सकाळी पाय खाली टाकाचे. मंग चूळ. मंग च्या. बरं वाटाची वाट नाही पाहाची. कधी ते च्या पेल्यावर येते, कधी येतच नाही. मंग मी लहानपणचं एखादं पुस्तक आठवतो, अन् चालाले लागतो. तुमी सातवी शिकल्या. एक पुस्तक आठवून ठेवा. पुढच्या फेरीले मले सांगजा."

मी म्हटलं, मला काही आठवत नाही. ते म्हणाले, "गोष्ट नका आठवू. चित्र आठवा."

आमच्या कारंज्याच्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं. दर शनिवारी गुरुजी कुलूप काढायचे आणि एकेक पुस्तक हातात द्यायचे. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या मला त्यातल्या एका पुस्तकातलं चित्र दिसलं. एक मुलगी कंदील मांडीवर घेऊन बैलगाडीत बसली आहे, जत्रेला निघाली आहे, आणि चित्रकारानं गाडीच्या चाकाला एक आरा कमी काढला आहे. मुलगी आठवली, कंदील आठवला, चाक आठवलं, पण मुलीचं नाव काही केल्या आठवेना. मला राग आला. तीन महिन्यांत मला आलेला तो पहिला राग. त्या रागाच्या भरात मी उठून बसले आणि सासूला म्हटलं, च्या टाकता का? सासूनं चहा टाकला, पण तिची नजर माझ्यावरच होती, त्यामुळे अर्धी साखर चुलीत गेली. याचा अर्थ मी लगेच बरी झाले असा नाही. पुढचे दोन दिवस पुन्हा पडूनच होते. पण पंधराव्या दिवशी भाऊ आले तेव्हा मी खाटेवर बसून होते, आणि चाकाची गोष्ट मी त्यांना सांगितली.

भाऊंची स्वतःची पुस्तकं आमच्यापेक्षा निराळी होती. त्यांचे वडील वाशीमला एका किराणा दुकानात हमाली करायचे. दुकानदार रद्दी घ्यायचा, त्यात मुलांची जुनी पुस्तकं यायची. आधी पुठ्ठा जायचा, मग मागच्या बाजूनं एकेक पान फाडून त्याच्या पुड्या व्हायच्या. उरलंसुरलं वडील घरी आणायचे. त्यामुळे भाऊंच्या एकाही पुस्तकाला नाव नव्हतं आणि एकालाही शेवट नव्हता. नावं त्यांनी वासावरून ठेवली होती. एक हळदीचं पुस्तक, एक गुळाचं, त्याला मुंग्या लागायच्या, एक राकेलचं. "तिखटाचं पुस्तक वाचताना लय शिंका येत. पण राजाची गोष्ट होती, सोडवत नव्हती," असं अगदी गंभीरपणे सांगायचे. मला हसू आवरलं नाही. सासूनं चुलीपुढून मान वळवून माझ्याकडे बघितलं, ते मला अजून दिसतं.

राकेलचं पुस्तक त्यांचं सगळ्यांत आवडतं. एका कुंभाराचं गाढव बाजारात हरवतं आणि घर शोधत निघतं. गावामागून गाव. कोणी मारतं, कोणी बांधून ठेवतं, एक धोबी आठवडाभर राबवून घेतो. शेवटी संध्याकाळी ते नदीवर पोचतं, तर नदीला पूर. पलीकडे आपल्या कुंभाराच्या भट्टीचा धूर दिसतो. इथं पान फाटलेलं. "तीस वर्षं झाली, बाई," भाऊ म्हणाले, "ते गाढव नदीच्या अलीकडंच उभं हाये."

मी म्हटलं, हे पुस्तक आमच्या कपाटात होतं. मी पूर्ण वाचलंय. शेवट मला माहीत आहे.

भाऊंच्या हातातली पेन्सिल थांबली. मला वाटलं, आता सांगा म्हणतील. ते म्हणाले, "सांगू नका. माये सारे शेवट त्या दुकानदारानं पुड्यात बांधले. एक तरी कोणाजोळ हाये, हे समजलं, तेवढं बस झालं. लय खराब दिवस आला तं मांगीन." आणि तारीख टाकून उठले.

मला खरं म्हणजे हायसं वाटलं. कारण तो शेवट अगदीच साधा होता. लहानपणी मी तो वाचून पुस्तक आपटलं होतं. इतकी पायपीट करून एवढंच, असं वाटलं होतं. तीस वर्षं वाट बघणाऱ्या माणसाला तो सांगायची मला लाज वाटत होती.

मग वर्षभर फेऱ्या चालल्या. मी शेतात जाऊ लागले, भाकरी टाकू लागले. वाईट दिवस यायचे, जायचे. भाऊ येत, पाणी पीत, आम्ही एखादं चित्र, एखादं पान एकमेकांना सांगायचो. सासूला या गप्पांचं भारी नवल वाटायचं. "दोघं बी म्हाताऱ्यासारखे काय लहानपण उकरून राह्यले," म्हणायची, आणि चहात दूध जास्त घालायची.

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस भाऊ आले आणि 'ताप हाये का' विचारलं नाही. तसेच येऊन बसले. लोट्याला हात लावला नाही. डोळे आत गेलेले. मग म्हणाले, "बाई, तो शेवट सांगून टाका आता."

शेवट ऐकून हा माणूस परत येईल का, हे मला कळेना. आणि जो शेवट माझ्याकडे होता, तो या दिवसाला पुरणारा नव्हता. मी म्हटलं, "आज नाही. पंधरा दिवसांनी या, मंग सांगीन."

"पंधरा दिवसांचं कोणं पाह्यलं?"

"तुमच्या फेरीच्या रजिस्टरात लिहा," मी म्हटलं. त्यांनी पेन्सिल काढली. भिंतीवर तारीख टाकली आणि गेले.

पंधरावा दिवस गेला. सोळावा गेला. अठराव्या दिवशी सासू दारामागे बघून म्हणाली, "तारीख शिळी झाली वं." आम्ही दोघी पायी रिठदला निघालो. आजारपणानंतर मी शेतापलीकडे पहिल्यांदाच जात होते. भाऊंची बायको दारातच होती. "सहा दिवस झाले, उठून नाही राह्यले. ऑफिसात रजा धाडली. मले तं काही समजत नाही," ती म्हणाली. आत भाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी स्वतः तशी पडत होते तेव्हा कशी दिसत असेन, ते मला त्या दिवशी कळलं. सासू त्यांच्या पायथ्याशी बसली.

भाऊंनी न वळताच विचारलं, "शेवट आणला काय?"

"नाही," मी म्हटलं. "शेवट घरी हाये. चालत येऊन घ्या."

ते वळले नाहीत. घरी परतताना सासूनं मला वाटभर फैलावर घेतलं. "सांगून टाकलं असतं तं तुयं काय गेलं असतं? जाणाऱ्याच्या तोंडात लोक पाणी टाकतात, अन् तुले एक गोष्ट सांगवत नाही." तिचंच खरं असेल, असं मला वाटत होतं. त्या माणसाचं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्याच डोक्यावर होतं. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. शेतात निंदताना दर घटकेला रस्त्याकडे मान वळायची.

नवव्या दिवशी दुपारी दारात सावली पडली. दाढी वाढलेली, पिशवी खांद्याला. भाऊ चौकटीला टेकले आणि म्हणाले, "ताप हाये का कोणाले?"

"नाही बापू," सासू म्हणाली. "तुले?"

"हाये. उतरून राह्यला."

मी शब्द दिला होता, म्हणून सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "राहू द्या. आता आलो ना." आणि लोटा मागितला.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. एकात ते पुन्हा आठ दिवस चुकले, पण शेवट मागितला नाही. मग होळी झाल्यावर एक दिवस आले आणि मंगरूळपीरकडे बदली झाल्याचं सांगितलं. दोन लोटे पाणी प्याले. लोटा खाली ठेवून म्हणाले, "आता सांगा."

मी घाबरले. विचारलं, "काहून? खराब दिवस हाये का?"

"नाही, चांगला हाये. तुमचं घर आता फेरीत येणार नाही, म्हणून."

मग मी सांगितलं. सकाळी पुराचं पाणी ओसरलं. गाढव नदी उतरून पलीकडे गेलं. कुंभारानं त्याला पाहिलं, बोलला काहीच नाही. खाली बसून त्याच्या खुरातला काटा काढला, पुढ्यात कडबा टाकला. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर नेहमीसारखी मातीची गोणी टाकली. संपलं.

भाऊ जमिनीकडे बघत होते. "दुसऱ्या दिवशी कामावर गेलं?" त्यांनी विचारलं.

"हो. एवढंच हाये. म्हणून तर सांगत नव्हते. लय लहान शेवट हाये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लहान?" म्हणाले. "बाई, तुमी तं खाटेवरून उठलेल्या. तुमाले हा लहान काहून वाटला?"

त्यांनी भिंतीवर तारीख टाकली, सही केली, सासूला जय भीम घातला आणि बाहेर पडले. शेजारच्या दारात त्यांचा आवाज ऐकू आला, ताप हाये का कोणाले. पुढच्या दारात आला, त्याच्या पुढच्या दारात आला, मग ऐकू येईना. बाळ गेलं तेव्हा माझ्या डोळ्यातून टिपूस निघालं नव्हतं. त्या दिवशी मी दारामागे बसून पोटभर रडले. सासू आली नाही, तिनं रडू दिलं. मग माणसं शेतातून यायची वेळ झाली, म्हणून मी उठले, तोंड धुतलं आणि चुलीवर तवा ठेवला.