उलट्या हाताची सवय

मेहकरात रिटायर झालेली माणसं बसस्टँडवर चहा पीत राजकारण करतात. आमच्या ह्यांनी गिटार आणली! सारा तालुका ह्यांना प्रेमानंद लाईनमन म्हणून ओळखतो. आयटीआयला असताना होस्टेलच्या टेपवर इंग्रजी रॉक ऐकलं होतं. शब्द एकही कळला नाही, पण ती गिटार चाळीस वर्षं डोक्यातून गेली नाही.

आता गिटार मांडीवर, समोर मोबाईलवरचा मास्तर, आणि ह्यांचा हात काही तारेला लागेना.

"काऊन थांबले?"

"उघड्या हातानं तार धरायची सवयच नाई वं मले."

"लाकडाच्या खोक्यात करंट कुठून येईन?" मी चिडलेच.

तेव्हा हे खांबावर जे करायचे, तेच ह्यांनी केलं. लाईन बंद असली तरी लाईनमन तारेला आधी बोटांची उलटी बाजू लावतो, म्हणजे झटका बसलाच तर हात मागे फेकला जातो. तशीच बोटं ह्यांनी गिटारवरून वरून खाली फिरवली.

साऱ्या तारा एकदम झणाणल्या.

"धम्मशीला," हे हळूच म्हणाले, "असाच आवाज होता वं तो."

या खेपेला हात मागे आला नाही.