मी दुरुस्त केलेली होडी

उंद्रीच्या स्टँडसमोरच्या रसवंतीचा बोर्ड रंगवताना मालकाच्या हट्टाखातर मी त्यावर समुद्र, माड आणि एक होडी काढली. माझा मित्र दिनेश खाली उभा राहून बघत होता. म्हणाला, "तू समुद्र पाह्यला काय बे कधी? मंग काढून काऊन राह्यला?"

मला ते लागलं. दिवाळीचे बोर्ड हातावेगळे केले आणि निघालो.

रस्ता असा: उंद्रीहून चिखली, मग पुणे, मग कोल्हापूर आणि तिथून फोंडा घाटाने मालवण. सगळं एस.टी.ने. दोन दिवस धरा, घाटासाठी लिंबू जवळ ठेवा. वाटेत गाडी थांबेल तिथल्या हॉटेलांवर 'शुध्द शाकाहारी' लिहिलेलं दिसेल. 'शुद्ध' हाच शब्द अशुद्ध. मला अशा ठिकाणी जेवण गोड लागत नाही.

याला कारण आहे. नववीत गुरुजींनी माझ्या निबंधातला 'आशिर्वाद' फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाला दाखवला होता. पोरं हसली. दहावी मी नापास झालो, पण शुद्धलेखनाची एक पुस्तिका विकत घेतली. ती आजही ब्रशांच्या पिशवीत असते. या सहलीतही होती.

मालवणहून रिक्षाने अर्धा तास गेलं की खाडीच्या तोंडाशी ते गाव लागतं. मी राहिलो ते घर कोळ्याचं, बाबुलीकाका आणि सुमतीकाकूंचं. खोली आणि दोन वेळचं जेवण मिळून दिवसाला सातशे रुपये. ओसरीवर पाहुण्यांची वही होती. मी पेन काढला तर काकू म्हणाल्या, "थांब, नाव मीच लिवतंय." जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत त्यांनी लिहिलं: 'गजानन, उंदरी'. उंद्री हवं होतं. माझे डोळे तिथेच अडकले.

समुद्राबद्दल काय लिहू? मी रंगवला होता तसा निळा तो नव्हताच. सकाळी राखाडी, दुपारी हिरवट. पहिल्या दिवशी बांगड्याचे काटे काढताना माझी फजिती झाली. काकूंनी लहान मुलाला द्यावा तसा मासा सोडवून दिला. दुसऱ्या दिवशी मी जाळ्यात अडकलेली शेवाळं काढायला बसलो. संध्याकाळी वाळूवर बसून वाटलं, इथेच राहावं. आपल्याला इथे कोणी नापास म्हणून ओळखत नाही.

काकांना तसं सांगितलं. ते हसले. "रवतलंस हय? आणि करतलंस काय?"

"होड्यांवर नावं लिहीन."

"मगे रव! होड्यांक हय तोटो नाय."

मी ते खरं धरलं. रात्री दिनेशला फोन करून तसं सांगूनही टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघंही मासे घेऊन बाजाराला गेले. त्यांची होडी दारासमोर ओढून ठेवलेली होती. तिच्यावर पांढऱ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'दरयाची लेक'. पहिल्या दिवसापासून ते मला खुपत होतं. ओसरीत निळ्या आणि पांढऱ्या रंगाचे उरलेले डबे सापडले. जुनी अक्षरं झाकली, रंग सुकेपर्यंत चहा केला, मग पुस्तिका उघडून खात्री केली आणि सुतासारखं सरळ लिहिलं: 'दर्याची लेक'. वाटलं, खूश होतील. ही माझी इथली पहिली होडी.

काका आले आणि टोपली हातात धरूनच उभे राहिले.

"ती अक्षरां हिची होती," ते म्हणाले. "पन्नाशीत लिवूक शिकली. पयला काय लिवल्यान, तर ह्या."

काकू मागून आल्या. होडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आसांदे ओ. जोडाक्षर माका कधी जमलाच नाय. बरा केल्यान पोरान."

मी म्हणालो, "काकू, मी पुसतो. तुम्ही परत लिहा."

"नको रे. आता माका भ्या वाटता."

रात्रीच्या जेवणात त्यांनी मला नेहमीसारखाच मासा सोडवून दिला.

सकाळी निघताना वहीत जायची तारीख लिहायची होती. काकूंनी वही माझ्यापुढे सरकवली, वर पेन ठेवला. "तूच लिव. माझा चुकता."

मी लिहिलं. त्यांच्या ओळीखाली माझी ओळ, एकही चूक नसलेली. "येतो," म्हणालो आणि त्यांच्याकडे न बघता रिक्षात बसलो. फोंडा घाट कधी चढलो ते कळलं नाही.

दिनेश स्टँडवरच भेटला. "काऊन बे, तू तं तिकडंच राह्यणार होता ना?"

"हाव," एवढंच म्हणालो. वर रसवंतीच्या बोर्डावर माझा निळा समुद्र होता. त्यातल्या होडीवर मी नाव लिहिलेलं नव्हतं, ते बरं झालं.

मी तिथे काढलेले फोटो पाहून बरेच जण पत्ता विचारतात. जरूर जा. घर ओळखायला सोपं आहे, त्या किनाऱ्यावर सगळ्यात शुद्ध नाव असलेली होडी त्याच दारात आहे. एक विनंती आहे. काकू वही पुढे करतील. तेव्हा चष्मा विसरलो म्हणा, हात दुखतो म्हणा, काहीही सांगा, पण तुमचं नाव त्यांनाच लिहू द्या. आणि त्या जे लिहितील ते तुमचं नाव आहे असं समजा.