उजवा नवरा, डावा भाऊ
माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ लोकांच्या घरातली कपाटं जिन्यावरून चढवतात-उतरवतात. आमच्या लग्नाआधीपासूनची जोडी. किंबहुना या जोडीमुळेच हा नवरा माझ्या पदरात पडला. कपाटाखालचा पट्टा नवऱ्याच्या उजव्या खांद्यावर, भावाच्या डाव्या. कायम. त्यामुळे नवऱ्याची उजवी बाजू टुम्म फुगलेली आणि डावी वाळून काडी. सरळ उभा राहिला तरी लोक विचारायचे, ‘‘मान अवघडलीय का?’’ शर्ट घ्यायला गेलो तेव्हा आरसा तिरका लावलाय म्हणून दुकानदाराशी भांडला. मी शरमेने दुसरीकडेच बघत बसले.

मग पाठ धरली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, ‘‘एकच बाजू सगळं ओझं ओढतेय. असंच चाललं तर कपाट सोडा, खुर्चीसुद्धा उचलणार नाही तुम्ही.’’ कपाटांशिवाय या माणसाला काही येत नाही. चहासुद्धा नाही.

उपाय दोन. घरी वजन आधी डाव्या हाताने उचलायचं, तो दमला की थांबायचं, मग उजव्याने तेवढंच. एकदाही जास्त नाही. हे जमलं. डावा थरथरत वर जायचा आणि उजवा रुसलेल्या जावयासारखा मांडीवर बसून असायचा.

‘‘अगं, हा शिवशिवतोय,’’ नवरा म्हणायचा.

‘‘शिवशिवू दे!’’

दुसरा उपाय कामावरचा: पट्टा आलटून पालटून दोन्ही खांद्यांवर घ्यायचा. पण एकाने खांदा बदलला की दुसऱ्यालाही बदलावा लागतो, नाहीतर कपाट भिंतीवर आपटतं. भाऊ कुठला ऐकायला!

‘‘दाजी, ही नाटकं मला नकोत. खांदा बदलायचा तर जोडीदारही बदला.’’

आणि आमचं ध्यान काय म्हणालं? ‘‘राहू दे. त्याचं मन कशाला मोडायचं?’’

स्वतःची पाठ मोडली तरी चालेल, मेहुण्याचं मन मोडायला नको! माझं डोकंच फिरलं. भाऊ जेवायला आला तेव्हा मी ताटाऐवजी त्याच्यापुढे वजन ठेवलं.

‘‘उचल. उजव्या हाताने.’’

‘‘ताई, भूक लागलीय गं.’’

‘‘उचल म्हणते ना!’’

हसत हसत त्याने हात घातला. वजन छातीपाशीच अडलं, कोपर लटलटायला लागलं. तेच वजन नवऱ्याने आपल्या काडीसारख्या डाव्या हाताने डोक्यावर नेलं. चांगली जिरली असं मी म्हणणार, तोच भावाचा चेहरा दिसला.

‘‘काल माझ्या छकुलीला या हातावर घेतलं तर ती घसरायला लागली,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं, तीच जड झालीय.’’

तो घाबरला होता. मला एकदम त्याची कीव आली. मी ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी काम आमच्याच गल्लीत होतं, म्हणून मीही बघायला गेले. भावाने आपणहून पट्टा उजव्या खांद्यावर टाकला. कपाट वळणावळणाला अडत होतं, दोघं एकमेकांचा उद्धार करत चढत होते. मी त्यांच्या मागे. जिन्याच्या मध्यावर भाऊ थांबला.

‘‘दाजी, इतकं दुखत होतं तर ठणकावून सांगायचं ना मला!’’

‘‘तू सोडून गेला असतास.’’

‘‘गेलो असतो. आणि संध्याकाळी परत आलो असतो. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर मला साधं स्टूल तरी उचलता येतं का?’’

नवऱ्याचे डोळे भरले, भावाचेही, आणि कपाट हळूहळू माझ्याकडे कलायला लागलं.

‘‘अरे, आधी ते खाली टेकवा,’’ मी किंचाळले, ‘‘मग रडा!’’