फेरफार क्रमांक एक

न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून मी निवृत्त झालो. नोंदी तपासण्याची सवय मात्र निवृत्त झाली नाही. नाशिकच्या एका साप्ताहिकाला मी तीस वर्षे पत्रे लिहीत आलो आहे. बहुतेक रागाने लिहिलेली, पण पुराव्यावाचून एकही नाही. छापील अंकात चूक झाली, की पुढच्या अंकात तिसऱ्या पानावर चौकटीत खुलासा येई. ती चौकट मला अग्रलेखाहून प्रिय होती.

साप्ताहिकाने संकेतस्थळ नव्याने बांधायला घेतले आणि आम्हा जुन्या वाचकांना चाचणीसाठी दाखवले. सकाळी एका बातमीत चुकीचा सर्व्हे नंबर होता. दुपारी तो गुपचूप बरोबर झालेला दिसला. खुलासा नाही, खूण नाही. माझा संताप अनावर झाला. सकाळी छापून ठेवलेली प्रत आणि दुपारची प्रत जोडून, पृष्ठांकन करून, ‘ही दुरुस्ती नव्हे, हे पुरावा नष्ट करणे आहे’ असे तीन पानी पत्र मी कार्यालयात हातोहात दिले आणि पोच घेतली.

संपादकबाईंनी चहाला बोलावले. शेजारी संकेतस्थळाची रचना करणारी, निफाडहून रोज ये-जा करणारी तरुणी बसली होती.

“काका, वेबवर चूक लगेच सुधारता येते, हीच तर मजा आहे,” ती म्हणाली.

“सुधारा ना! लपवता कशाला? निफाडच्या तुम्ही, सातबारा पाहिला असेल. त्यावर जुने नाव खोडून टाकतात का?”

“नाही. कंस करतात. आमच्या बागेच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव अजून आहे, कंसात. शेजारी बदलाच्या नोंदीचा फेरफार नंबर.”

“मग?”

“मग काय, तलाठ्याचंच डिझाइन चोरते!”

संपादकबाई इतक्या हसल्या, की चहा बशीत सांडला.

तिने खरोखर तसेच केले. चुकीचा शब्द फिक्या अक्षरांत कंसात, पुढे बरोबर शब्द, शेवटी फेरफार क्रमांक. त्यावर बोट ठेवले, की कोणी, केव्हा आणि का बदलले, सारे उघड.

संकेतस्थळ खुले झाले, त्या दिवशी वाचकांच्या पानावर पहिला मान माझ्या पत्राला मिळाला. विषय होता, शहरवासीयांचे आपल्याच जिल्ह्याविषयीचे अज्ञान. दुपारी तिचा फोन आला.

“काका, नामपूरच्या एका कांदा उत्पादकाने लिहिलंय. वाचू? ‘साहेब, आमनं नामपूर बागलाणमा शे, मालेगावमा नही!’”

मी माझ्याकडे ठेवलेली पत्राची स्थळप्रत काढली. ‘मालेगाव तालुक्यातील नामपूर’, माझ्याच वळणदार अक्षरात. कान तापले.

“अजून फार कोणी पाहिलं नसेल,” ती हळूच म्हणाली. “गुपचूप बदलू का? दोन मिनिटांचं काम.”

मोह झाला, हे शपथेवर सांगतो. तीस वर्षे इतरांच्या चुका दाखवून मिळवलेली पत त्या एका तालुक्यापायी पणाला लागली होती.

“नाही,” मी म्हणालो. “कंस करा.”

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अहो, आता स्वतःलाच नोटीस काढा. पोच मी देते.”

संध्याकाळी पडद्यावर उमटले: ‘(मालेगाव) बागलाण तालुक्यातील नामपूर. फेरफार क्रमांक १.’ नव्या संकेतस्थळाच्या दप्तरातली पहिली नोंद माझी! छापून आलेल्या कोणत्याही पत्राने मला इतके हसवले नव्हते. मी नोटीस खरोखर काढली. सौभाग्यवतींनी खाली तारीख घालून सही केली. ती पोच फाइलमध्ये सर्वांत वर लावली आहे.